एक विमान, तीन ठिपके: पल्स-डॉपलरमध्ये रेंजची घडी चुकीची उलगडते तेव्हा

पल्स-डॉपलर रडार पल्स सोडतं आणि परत आलेल्या इकोवरून लक्ष्याची रेंज (अंतर) आणि वेग दोन्ही मोजतं. तिथल्या एका दुखण्याचं लक्षण असं: आकाशात विमान एकच आहे, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, आणि पडद्यावर एका रेषेत तीन ठिपके आहेत. ४२.७५ किमी, ५२.३५ किमी, ६१.९५ किमी. दिशा तीच, वेग तोच. एखाद्या फेरीत पहिला गायब, पुढच्या फेरीत तिसरा. मधला बहुतेक वेळा टिकतो, पण तोही अधूनमधून दांडी मारतो.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात सीफारच्या, म्हणजे इकोला नॉइजपासून वेगळं काढणाऱ्या गाळणीच्या, थ्रेशोल्डवर जातो. माझाही जायचा. थ्रेशोल्ड चढवला की तिन्ही ठिपके जातात, उतरवला की तिन्ही परत येतात, आणि दिवस त्यातच संपतो. त्याआधी एक साधी वजाबाकी करा. ५२.३५ वजा ४२.७५ म्हणजे ९.६. ६१.९५ वजा ५२.३५ म्हणजेही ९.६. नॉइज असा फूटपट्टी लावून बसत नाही. ठिपक्यांमधलं अंतर सारखं असेल आणि ते तुमच्या एखाद्या पीआरआयच्या (दोन पल्समधल्या वेळेच्या) रेंजइतकं भरत असेल, तर दोष डिटेक्शनमध्ये नाही. रेंजची घडी उलगडताना चूक होतेय.

घडी पडते कशी

हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून भरभर सांगतो. आमच्या बेंचवरचं रडार एक्स बँडचं, तरंगलांबी ३ सेंमी. रेंज बिन, म्हणजे अंतर मोजायचा एक कप्पा, १ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे जाऊन-येऊन हिशेब केला की १५० मीटरचा. पल्स ५ मायक्रोसेकंदांची. पडद्यावर दाखवायची रेंज १२० किमी, म्हणजे ८०० बिन. पीआरआय ६४ मायक्रोसेकंद ठेवला, तर ९.६ किमीच्या पलीकडचा इको परत येईपर्यंत पुढची पल्स सुटून गेलेली असते. दर ६४ बिनांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. ५२.३५ किमीवरचं विमान खरं तर ३४९ व्या बिनवर हवं, ते दिसतं २९ व्या बिनवर. घडी घातलेल्या धोतराला एकदाच टाचणी टोचा आणि मग धोतर उलगडा: दर घडीला एक भोक. टाचणी कुठल्या थरावर टेकवली होती, ते भोकांकडे बघून सांगता येत नाही.

‘मग पीआरआयच वाढवा ना!’ असं नवीन आलेला प्रत्येक जण म्हणतो. वाढवून बघा. ८०० मायक्रोसेकंद केला की १२० किमीपर्यंत रेंज स्वच्छ दिसते, पण पीआरएफ, म्हणजे सेकंदाला सुटणाऱ्या पल्सची संख्या, उरतो १२५० हर्ट्झ, आणि घडी न पडता मोजता येणारा वेग येतो उणे-अधिक ९.४ मीटर प्रति सेकंद. म्हणजे ताशी ३४ किमी. गल्लीतल्या स्कूटरच्या वेगालाच घडी पडणार असेल, तर विमानाची कथा काय! रेंज आणि वेग या दोन मर्यादांचा गुणाकार तरंगलांबी ठरवते. प्रकाशाचा वेग गुणिले तरंगलांबी भागिले ८. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. मीडियम पीआरएफमध्ये (पल्सचा दर ना फार कमी, ना फार जास्त) म्हणून आपण दोन्हीकडे घडी पडू देतो आणि वेगवेगळे पीआरआय वापरून ती मागाहून उलगडतो.

बाकीवरून संख्या

मागाहून उलगडायचं म्हणजे शाळेतलं गणित. एका संख्येला ८ ने भागलं की बाकी ५, ९ ने भागलं की बाकी ४, ७ ने भागलं की बाकी १, संख्या कोणती? हे उदाहरण सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने आर्यभटाच्या कुट्टक पद्धतीचं विवेचन करताना घेतलं आहे. उत्तर ८५. आपल्याकडे भाजक म्हणजे पीआरआय, बाकी म्हणजे दिसलेला बिन आणि शोधायची संख्या म्हणजे खरी रेंज. इंजिनीयरिंगच्या पुस्तकांत हेच चिनी शेष प्रमेय म्हणून भेटतं. भाजक सहमूळ असले की उत्तर त्यांच्या लसाविपर्यंत एकमेव.

आमच्याकडे सुरुवातीला ६३, ६४ आणि ६५ मायक्रोसेकंद असे तीन पीआरआय होते. कागदावर देखणी निवड. तिन्ही सहमूळ, लसावि २,६२,०८०, म्हणजे ३९,३१२ किमीपर्यंत संदिग्धता नाही. दाखवायचेत फक्त १२०. एवढी चैन असताना काय बिघडणार, असं आम्हालाही वाटलं होतं.

ज्युनियरने शेष प्रमेयाचं सूत्र दहा-बारा ओळींत बसवलं, सिम्युलेशनमध्ये ते शंभर टक्के चाललं. मग खरी नोंद दिली. थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, ‘‘सर, विमान २०,०२० किमीवर गेलं.’’ पृथ्वीचा अर्धा परिघ जवळपास तेवढाच भरतो, त्यामुळे दोन दिवस त्याचीच थट्टा चालली. पण कारण समजून घेण्यासारखं आहे. ३४९ व्या बिनवरच्या लक्ष्याच्या तीन बाक्या ३४, २९ आणि २४. सूत्रात त्यांना अनुक्रमे १,३३,१२०, २,५७,९८५ आणि १,३३,०५६ ने गुणायचं, बेरीज करायची आणि लसाविने भागून बाकी घ्यायची. ३४९ बरोबर येतं. आता विमान दोन बिनांच्या सीमेवर असल्यामुळे ३४ च्या जागी ३५ आला, तर बेरीज थेट १,३३,१२० बिनांनी फुगते. एका बिनची चूक, १५० मीटरची, आणि उत्तरात १९,९६८ किमीचा फरक. सूत्र चुकीचं नाही. ते पूर्णांकांसाठी आहे आणि आपली मोजणी पूर्णांकांची नाही. प्रत्यक्ष प्रोसेसरमध्ये हे सूत्र घालू नका. परीक्षेत लिहा.

तीन ठिपक्यांचं मूळ

सूत्र काढून आम्ही सगळे करतात तेच केलं: प्रत्येक पीआरआयची बाकी घेऊन ८०० बिनांपर्यंत तिच्या सगळ्या शक्य जागा मांडायच्या, आणि तिन्ही याद्या जिथे जुळतील ती खरी रेंज. सीमेवरच्या लक्ष्यांसाठी एका बिनची सूट द्यायची, म्हणजे तिन्ही जागा मधल्या बिनपासून इकडे-तिकडे एकाच्या आत असल्या की मेळ धरायचा. विमान पृथ्वीवर परत आलं, पण आता तीन झाली.

याद्या हाताने मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ६३ च्या यादीत येतात … २८६, ३४९, ४१२ …. ६४ च्या यादीत … २८५, ३४९, ४१३ …. ६५ च्या यादीत … २८४, ३४९, ४१४ …. ३४९ ला तिन्ही तंतोतंत जुळतात. पण २८६-२८५-२८४ हेही एका बिनच्या सुटीत बसतात, आणि ४१२-४१३-४१४ सुद्धा. २८५ गुणिले १५० मीटर म्हणजे ४२.७५ किमी. ४१३ म्हणजे ६१.९५ किमी. हीच ती दोन भुतं.

‘मग सूट काढून टाका.’ काढली. भुतं गेली, आणि बिनच्या सीमेवर आलं की विमानही जायला लागलं. उलट बाजूने बघा: ३४ च्या जागी ३५ आला, तर खऱ्या जागेचा मेळ ३५०-३४९-३४९, आणि भुताचा मेळ ४१३-४१३-४१४. दोन्हीकडे एकाच बिनचा फरक. जो मेळ घट्ट तो खरा, हा नियमही इथे हात टेकतो. सूट कितीही ठेवा, या पीआरआयना खरं-खोटं वेगळं करण्याइतकी ताकदच नाही.

ती का नाही, हे बाक्यांतच दिसतं: ३४, २९, २४. दर वेळी पाचने उतरतात. पीआरआय एका बिनने वाढवला की जितक्या घड्या असतील तितक्या बिनांनी लक्ष्य मागे सरकतं. पाचने सरकलं, म्हणजे अलीकडे पाच घड्या आहेत. पाच गुणिले ६४ अधिक २९ म्हणजे ३४९. व्हर्नियर कॅलिपरसारखंच हे, आणि दुखणंही तिथेच आहे: एका घडीचा फरक म्हणजे लगतच्या दोन पीआरआयमध्ये जेमतेम एक बिन. एक बिन चुकला की एक घडी चुकली, एक घडी चुकली की ९.६ किमी. आपली मोजणी एका बिनपर्यंत चुकू शकते हे माहीत असताना एका बिनच्याच फरकावर घडी मोजायला बसणं, ही चूक आमची होती. लसाविच्या मोठ्या आकड्याने ती झाकून ठेवली.

पीआरआय बदलले

आम्ही ५१, ५९ आणि ६७ घेतले. तिन्ही सहमूळ, पण एकमेकांपासून आठ-आठ बिन लांब. त्याच विमानाच्या बाक्या आता ४३, ५४, १४. आणि मुद्दाम पहिल्या पीआरआयमध्ये चूक घातली, ४३ च्या जागी ४४. खऱ्या जागेचा मेळ ३५०-३४९-३४९, पूर्वीइतकाच घट्ट. पण ८०० बिनांच्या आत जवळात जवळचा खोटा मेळ ७५८-७६२-७५१ चा. त्यात ११ बिनांची तफावत आहे, आणि तोही ११३ किमीच्या आसपास. सूट एक ठेवा, दोन ठेवा, भूत आत शिरत नाही. लसावि २,०१,६०३ झाला, पूर्वीपेक्षा कमी. त्याने काहीही बिघडलं नाही.

म्हणून पीआरआय निवडताना लसावि बघत बसू नका. दाखवायच्या रेंजपर्यंत तिन्हींचे पाढे लिहा आणि ते एकमेकांच्या किती जवळ येतात ते मोजा. तुमच्या सुटीच्या निदान दुप्पट-तिप्पट मोकळीक हवी. हे आम्ही स्प्रेडशीटमध्ये केलं, त्याला काही मोठं सॉफ्टवेअर लागत नाही.

जवळजवळच्या पीआरआयचा आणखी एक तोटा नंतर लक्षात आला. पल्स सुटत असताना रिसीव्हर बंद असतो, त्यामुळे आम्ही प्रत्येक पीआरआयचे पहिले पाच बिन कोरे ठेवतो. ६३-६४-६५ मध्ये ९.७५ किमीपासून पुढचे तीन बिन तिन्ही पीआरआयमध्ये एकदम आंधळे होते. तिथे विमान दिसणं शक्यच नव्हतं, आणि आम्ही अँटेनाच्या केबली तपासत होतो.

पीआरआय बदलूनही भूत जात नसेल तर

सगळ्यात आधी एक चाचणी. टार्गेट सिम्युलेटरवर पहिल्याच घडीतलं लक्ष्य ठेवा, समजा २० बिन, म्हणजे ३ किमी. घडी नसल्यामुळे प्रत्येक पीआरआयमध्ये तो २० व्याच बिनवर दिसायला हवा. सगळीकडे २३ दिसला तरी घाबरू नका. रिसीव्हरमधला विलंब सगळ्यांना सारखा असेल तर उलगडलेलं उत्तर फक्त तीन बिन पुढे येतं, ते वजा करता येतं. पण दोन पीआरआयमध्ये २३ आणि तिसऱ्यात २४ आला, तर तिथेच थांबा. आमच्याकडे एकदा नेमकं हेच झालं होतं. पीआरआय बदलताना डेसिमेशन फिल्टर (नमुन्यांची संख्या कमी करणारा) रीसेट व्हायचा राहून जायचा, आणि पीआरआयची लांबी त्याला नीट भागत नसेल तर नमुने एकाने उशिरा सुरू व्हायचे. उलगडणाऱ्या कोडमध्ये आम्ही तीन आठवडे चूक शोधत होतो. कोड निर्दोष होता.

शून्यापासून मोजणारं सॉफ्टवेअर आणि एकपासून मोजणारं सॉफ्टवेअर यांच्या सांध्यावरही बघा. सगळीकडे एक जास्त असेल तर क्षम्य. पण कुणी फक्त बाकी शून्य आली की तिच्या जागी पूर्ण पीआरआय लिहीत असेल, तर नेमक्या घडीच्या रेघेवरची लक्ष्यं विचित्र वागतात.

मग भरणीच्या, म्हणजे सुरुवातीला टाकून द्यायच्या, पल्स. पीआरआय बदलल्या-बदलल्या येणारे इको आधीच्या पीआरआयच्या पल्सचे असतात. १२० किमीचा इको यायला ८०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ५१ च्या पीआरआयमध्ये पहिल्या १६ पल्स टाकून द्यायला हव्यात. वेळ वाचवायला कुणीतरी त्या चारवर आणतो. मग लांबच्या डोंगराचा क्लटर (जमिनीचा नको असलेला इको) मधूनच सुरू झाल्यासारखा होतो, इको वेगानुसार वेगळे करणाऱ्या डॉपलर फिल्टरमध्ये सगळीकडे सांडतो, आणि नसलेल्या लक्ष्यांचा पाऊस पडतो. ही भुतं वर सांगितलेल्या भुतांसारखी शिस्तीत उभी राहत नाहीत, आणि थ्रेशोल्ड चढवला की एकेक करून विरतात. तेवढ्यावरून ओळखता येतात.

विमान हललं म्हणून मेळ बसत नसेल का, हा प्रश्न नेहमी येतो. नाही. प्रत्येक पीआरआयला ६४ पल्सची एक, अशा तीन माळा म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद. ताशी हजार-अकराशे किमी वेगाचं विमानही तेवढ्यात चार मीटर सरकत नाही. बिन १५० मीटरचा आहे. हा विषय सोडून द्या.

लक्ष्यं जास्त असली की

एका विमानासाठी वरचं सगळं पुरतं. पाच विमानं आली की पहिल्या पीआरआयमधला एकाचा इको, दुसऱ्यातला दुसऱ्याचा आणि तिसऱ्यातला तिसऱ्याचा अशा १२५ जोडण्या होतात, आणि त्यांतल्या काही योगायोगाने जुळणारच. ही खरी डोकेदुखी आहे आणि तिला एक औषध नाही. आम्ही तीन गोष्टी करतो. सर्वांत घट्ट मेळ आधी स्वीकारायचा आणि त्यात वापरलेले इको यादीतून काढून टाकायचे, म्हणजे तोच इको दोन विमानांना वाटला जात नाही. मग वेग: रेंजसारखीच वेगाचीही घडी उलगडायची, आणि तिथे मेळ बसला नाही तर रेंजचा मेळही रद्द. तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण ती फुकट आहे. उलगडलेली रेंज आणि इकोची ताकद यांवरून लक्ष्याचा परावर्तन-आकार काढायचा. ३ किमीवरच्या ट्रकचा इको चुकून ६० किमीला उलगडला, तर अंतर २० पट, आणि ताकद अंतराच्या चौथ्या घातात घटते म्हणून तो ट्रक १,६०,००० पट मोठा निघतो. ५२ डेसिबल. एवढं मोठं आकाशात काही उडत नाही, भूत ओळखलं गेलं.

पीआरआयची संख्या ८ करून त्यांपैकी निदान ३ मध्ये दिसलं पाहिजे, असा नियम मीडियम पीआरएफमध्ये सर्रास ठेवतात. त्याचं कारण भुतं नव्हेत. एखादा पीआरआय रेंजमध्ये आंधळा असतो, एखादा वेगात. आमच्या ५९ च्या पीआरआयमध्ये सेकंदाला २५४ मीटर वेगाचं विमान थेट जमिनीच्या क्लटरवर येऊन बसतं आणि त्याच्याबरोबर गाळलं जातं. तीनपैकी तीन मागितलं की असं विमान कायमचं गेलं. पण ८ मधून ३ निवडायचे ५६ प्रकार आहेत, म्हणजे योगायोगाला तितक्या जास्त संधी. ८ पीआरआयवर गेलात तर प्रत्येक पीआरआयमधला थ्रेशोल्ड थोडा चढवायला विसरू नका. सीफारला हात लावायची हीच ती जागा.

हवामान रडारवाल्यांनी यातलं काही जसंच्या तसं उचलू नये. मुंबईत कुलाब्याला हवामान खात्याचं एस बँडचं डॉपलर रडार आहे. त्या १० सेंमीच्या तरंगलांबीला पीआरएफ १००० ठेवला तर रेंज १५० किमी आणि वेग उणे-अधिक २५ मीटर प्रति सेकंद, हा हिशेब वरच्याच नियमाने येतो. पण ढग म्हणजे ठिपका नव्हे. प्रत्येक बिनमध्ये पाऊस आहे, जुळवायला वेगळे इकोच नाहीत, आणि १५० किमीपलीकडचा समुद्रावरचा पाऊस अलीकडच्या पावसात मिसळूनच येतो. अमेरिकेच्या हवामान रडारांवर अशी जागा जांभळ्या रंगाने झाकलेली दिसते. तिथला उपाय निराळा: प्रत्येक पल्सची फेज (लहरीची कला) ठरावीक क्रमाने फिरवायची आणि पहिल्या व दुसऱ्या घडीचा पाऊस त्या खुणेवरून वेगळा काढायचा. सच्चिदानंद आणि झर्निच या संशोधकांची पद्धत याच जातीची. त्यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल.

आता आमचा बेंच ५१-५९-६७ वर चालतो, ८ पीआरआयचा संच अजून तपासणीत आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण दर महिन्याला कुणीतरी ती नव्याने शोधतो. विमान ५३.५५ किमीच्या आसपास आलं की सेकंदभर ठिपका जातो आणि परत येतो. ३५७ आणि ३५८ हे दोन बिन ५१ मध्येही कोऱ्या पट्ट्यात येतात आणि ५९ मध्येही. ६७ एकटा साक्षीदार उरतो. विमानाचा माग ठेवणारा ट्रॅकर तेवढा वेळ अंदाजाने पुढे नेतो. त्याचा नवा बग नोंदवू नका.